जिंकलेली दाढ

मोहिनीची खालची उजवी दाढ वाचली, तर त्यात मोहिनीचा फायदा चार-पाच वर्षांचा होता. सुकदेव नानांचा मात्र अख्ख्या संसाराचा होता.

म्हणून तर जळगावच्या त्या दवाखान्यात सहा वर्षांची नात खुर्चीवर तोंड उघडून पडली होती, तरी नाना तिच्याकडे पाहत नव्हते आणि डॉक्टरांकडेही पाहत नव्हते. ते पाहत होते कमलबाईंकडे. कमलबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, म्हणजे निकाल लागलेला.

“दुधाची दाढ हाये. पडनारच हाये. जे पडनार त्याले औसध कशाले? उपटा आन् मोकये व्हा.”

डॉक्टर योगराज फिरके लहान मुलांचेच दात पाहत. वयाने तरुण, बोलायला गोड. दाढेची कीड आतल्या नसेला पोचली आहे, हिरडीवर फोड आलाय तो त्याचाच, नस साफ करून मुळांत औषध भरू, वर टोपी बसवू, म्हणजे दाढ तिच्या वेळेपर्यंत टिकेल, असं ते दुसऱ्यांदा समजावत होते. कमलबाई ते बाजारात भाव ऐकावा तसं ऐकत होत्या. ऐकून घ्यायचं, घ्यायचं नाही. सून दिपमाला मध्येच म्हणाली की पोर रात्र-रात्र रडते, तर सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. नीलेशची अशीच दाढ त्यांनी त्याच्या सहाव्या वर्षी बाजाराच्या दिवशी उपटून आणली होती. काय बिघडलं त्याचं? नीलेश म्हणजे त्यांचा मुलगा, दिपमालाचा नवरा. त्याचे पुढचे दात गर्दीत एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या माणसांसारखे होते आणि तो हसताना तोंडावर हात धरायचा. कमलबाई त्याला लाज म्हणत. सोयरीक पाहताना तर गुणच म्हणाल्या होत्या.

आता नानांचं. सावद्यात त्यांना कोणी वाईट म्हणणार नाही, पण घरात त्यांचं एकही म्हणणं कधी खरं ठरलं नव्हतं. बोअर कुठे घ्यायची, तर नाना म्हणाले लिंबाजवळ. तिथे कोरडा धुरळा निघाला. कमलबाई म्हणाल्या होत्या बांधाला; पाणी बांधालाच लागलं. केळीचे कंद लावायचे की टिश्यूची रोपं, तर नाना कंदांच्या बाजूने. त्या वर्षी शेजारच्या धनसिंगच्या बागेतले टिश्यूचे घड पाहायला लागू नयेत म्हणून ते शेतात मागच्या वाटेने जात. धुळ्यात वाढलेली मुलगी इथे रमणार नाही असं त्यांचं ठाम मत होतं. दिपमाला आली आणि महिन्याभरात सगळ्यात आधी नानांचाच चहा व्हायला लागला. बरं, जिंकल्यावर कमलबाई एक शब्द बोलत नसत. बोलल्या असत्या तर नानांना भांडता तरी आलं असतं.

डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून कागदावर चित्र काढलं. दुधाची दाढ, तिची दोन मुळं, आणि मुळांच्या बेचक्यात दबा धरून बसलेला पक्का दात. तो वर सरकतो तशी दुधाच्या दाढेची मुळं विरघळत जातात, शेवटी नुसती टोपी उरते आणि ती पडते.

नाना चित्रावर वाकले. “हे खालचं म्हंजी पील.”

“काय?”

“पील, साहेब. केयीचा घड कापला का आमी खोड लगेच पाडत नाही. अर्धं उभं ठेवतो. त्याच्यातला रस बुडाच्या पिलाले जातो. पील वर येतं, तसं खोड आपल्या आपन बसतं. आधीच उपटलं तं पील हालतं, जागा सोडतं. तुमी तेच म्हनून ऱ्हायले ना?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नव्या खेळण्याकडे पाहावं तसे ते नानांकडे पाहायला लागले. अगदी तेच, म्हणाले. ही दाढ आता काढली तर मागची मोठी दाढ पुढे कलते आणि पिलाला, म्हणजे पक्क्या दाताला, जागाच उरत नाही.

कमलबाईंनी चित्राकडे एकदा नीट पाहिलं. दातांबद्दल त्या डॉक्टरांशी दिवसभर भांडल्या असत्या. पण खोड आणि पील त्यांनी स्वतः जन्मभर पाहिलेलं. त्याला नाही कसं म्हणणार?

“करा मंग,” त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द नानांनी जळगावहून सावद्यापर्यंत बसच्या खिडकीशी बसून, जपून आणले.

दाढेचं काम दोन-तीन खेपांत झालं. मोहिनीच्या तोंडाला काही दिवस लवंगेचा वास येत होता. मुळांत भरलेल्या औषधाचा. वर स्टीलची टोपी बसली. फोड बसला, पोर झोपायला लागली, भाकरीचा पापुद्रा सोडून पुन्हा कडा खायला लागली. शाळेत ती ‘चांदीची दाढ’ बघायला देण्याच्या बदल्यात बोरं घ्यायची. म्हणजे दाढेने कमाई सुरू केली होती. आजोबांचं रक्त नव्हे, आजीचं.

नानांची कमाई वेगळी. त्यांना चाळीस वर्षांत एक जीत मिळाली होती आणि ती ते रोज उन्हात वाळत घालत. चहाच्या टपरीवर, केळी भरायला आलेल्या ट्रकपाशी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कोणाच्या पोराचा गाल सुजलेला दिसला की नाना सुरू. “खोडाले हात लावायचा नाही भो.” लोकही जायचे. डॉक्टर फिरक्यांनी तर दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत केळीच्या बागेचा मोठा फोटो लावला आणि येणाऱ्या प्रत्येक आईबापाला खोडाची आणि पिलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. एका आईने त्यावरून पोराला रोज चार केळी खाऊ घातली, ते निराळं. गोष्ट सांगून झाल्यावर डॉक्टर म्हणत, ही आमच्या सावद्याच्या नानांची. नानांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी सदरा बदलून दुपारचा चहा घेतला.

डॉक्टरांनी एक मात्र बजावलं होतं. दर सहा महिन्यांनी दाखवायला आणायचं, दाढेचा एक्स-रे फोटो काढायचा. औषध भरलेल्या दाढेचं मूळ शहाण्या मुळासारखं वागेलच असं नाही; कधी घाईने विरघळतं, कधी रेंगाळतं. पहिल्या दोन वेळा दिपमाला घेऊन गेली. सगळं ठीक होतं. मग एकदा कापणी आली, एकदा शाळेचं गॅदरिंग आलं, आणि मग नानांनीच ठरवून टाकलं की गरज नाही. पिलबागेत कोणी फोटो काढतं का? आपल्या आपण बसेल. दिपमालाने दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा नाना असे दुखावले, जणू ती बोअरची आठवण काढत होती. तिने सोडून दिलं.

मोहिनी पाचवीत गेली. डावीकडची दाढ, जिला कधी काही झालं नव्हतं, ती एका सकाळी पोह्यांबरोबर हातात आली. या घरात पडलेला दात कमलबाईच फेकत. शेणाच्या गोळीत घालून, अंगणातून घरावर. आधी कौलांवर, आता स्लॅबवर. नीलेशचे सगळे त्यांनीच फेकले होते, नणंदांच्या पोरांचेही. हात असा सरळ जायचा की झुंबरबाई शेजारून म्हणायची, हिला क्रिकेटात घ्या. डावी दाढ त्यांनी फेकली. उजवी चांदीची दाढ जागेवर होती तशी होती.

काही आठवड्यांनी मोहिनी नानांच्या खाटेपाशी आली.

“नाना, इथे जिभेला टोचतंय. आतून काहीतरी आलंय.”

नानांनी मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं. चांदीची दाढ घट्ट उभी होती. आणि तिच्या आतल्या अंगाने, जिभेच्या बाजूला, नव्या दाताचं पांढरं टोक वर आलं होतं. पील खोडाला वळसा घालून भलत्या दिशेने निघालं होतं.

“दुखतं का?”

“नाही. चावताना टोचतं. आजीला सांगू?”

नानांनी बॅटरी विझवली. हा प्रश्न पोरीने सहज विचारला होता. नानांना मात्र त्या एका क्षणात सगळा बाजार दिसला: दवाखान्यातला फोटो, टपरीवरची माणसं, ‘करा मंग’ हे दोन शब्द, आणि पुन्हा गप्प बसलेल्या कमलबाई. दाढ शेवटी उपटावीच लागली, हे एवढं वाक्य गावात फिरलं की संपलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “बसंल आपल्या आपन.”

त्यानंतर नानांचं जेवण बिघडलं. ते मोहिनीच्या समोर बसायला लागले आणि तिच्या घासाकडे पाहायला लागले. ती डावीकडूनच चावत होती. खोड आज बसेल, उद्या बसेल. टपरीवर कोणीतरी पोराच्या दाढेचं विचारलं, तर नाना म्हणाले, डॉक्टराले इचार, मी काय डॉक्टर हाये? टपरीवाल्याने चहात साखर कमी पडली का म्हणून विचारलं.

शुक्रवारी सकाळी दोघं नवरा-बायको शेतात होते. पिलबागेची एक ओळ नीट आली नव्हती. कमलबाई पुढे चालत होत्या. एका बुडापाशी थांबल्या. जुनं खोड काळं पडून कडक झालं होतं आणि पिलाच्या अंगावर रेललं होतं. पील वाकून उजेडाकडे निघालं होतं.

“हे काहून ठेवलं?”

“बसंल की.”

“कवा? पील आडवं झाल्यावर?” त्यांनी कोयता मागितला. नानांनी दिला. दोन घाव. खोड बाजूला पडलं, आत नुसतं चिपाड. कमलबाईंनी पिलाच्या बुडाशी पायाने माती दाबली आणि कोयता परत दिला. “शंभरातले नव्वद बसतात. बाकीच्याइले मानूस लागतं. हे तुमाले का म्या सांगावं?”

नाना कोयता हातात धरून उभे राहिले. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं नव्हतं. कापणी झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने बागेतून फेरा मारायचा, रेंगाळलेलं खोड कोयत्याने उतरवायचं, हे काम त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून केलं होतं. दवाखान्यात त्यांनी गोष्ट सांगितली ती अर्धी. जिंकायला अर्धी पुरली, म्हणून उरलेली सांगायची राहून गेली.

“मोहिनीची दाढ रेंगायली,” नाना म्हणाले. “नवी मांगून निंघाली. पोरीनं मले सांगतलं व्हतं. म्या गप ऱ्हायलो.”

केळीच्या पानांत वारा भरला आणि उतरला. कमलबाईंनी चेहऱ्यावरचा घाम पदराने टिपला.

“ती एका अंगानं चावते,” त्या म्हणाल्या. “भाकर मी वाढते ना तिले.”

“मंग बोल्ली नाही?”

“उद्या सकायचा नंबर लावला सुनेनं. मी लावाले सांगतला.” त्या पुढच्या बुडाकडे निघाल्या. “तुमी आज सांगता का उद्या, ते पाहून ऱ्हायली व्हती.”

म्हणजे नानांनी कबुली दिली ती अगदी शेवटच्या दिवशी, आणि तीही स्वतःहून. हे त्यांच्या बाजूला मांडायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. कमलबाईंनी मांडलं असावं. कारण घरी येताना कोयता त्यांनी आपल्याकडे घेतला आणि नानांना रिकाम्या हाताने चालू दिलं.

शनिवारी सगळं घर जळगावला गेलं. नीलेशने गाडी काढली. दिपमाला वाटेत एकदाच फुटली. रागावली की तिची धुळ्याची अहिराणी बाहेर यायची. “बठ्ठा मनाच दोष शे,” ती खिडकीकडे तोंड करून, सगळा दोष स्वतःवर घेत म्हणाली. “मी आई शे, मी न्यायले पाहिजे व्हती.” गाडीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की हे वाक्य आपलं आहे आणि तिने चोरलंय.

डॉक्टर फिरक्यांनी नानांना पाहताच हात जोडले, आत या म्हणाले, बाहेरच्या दोन आयांना हेच ते नाना म्हणून ओळख करून दिली. मग त्यांनी दाढेचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला.

“उशीर झाला?” नानांनी विचारलं. या एका प्रश्नासाठी ते रात्रभर जागे होते.

“थोडा. फार नाही.” डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. पुढचं मूळ पुरतं विरघळलं होतं. मागचं मूळ मात्र उभंच होतं, आणि त्याच्या आधाराने दाढ टिकून होती. म्हणून नवा दात आतून वाट काढत होता. औषध केलेल्या दाढेत असं होतं कधीकधी. सगळ्यात नाही. पण कोणात होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून तर पाहत राहायचं. आता दाढ काढायची. जागा शाबूत आहे, जीभ आतून रेटा देईल, बहुतेक दात आपणहून सरळ येईल.

“साहेब, गोष्ट मी अर्धीच सांगतली व्हती तुमाले,” नाना म्हणाले आणि उरलेली सांगितली. फेरा मारायचा, रेंगाळलेलं खोड कोयत्याने उतरवायचं.

डॉक्टरांचे कान लाल झाले. अर्धी गोष्ट त्यांनी किती आईबापांना सांगितली होती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पहिल्या वर्षानंतर किती पोरं पुन्हा दाखवायला आलीच नाहीत, हेही आता त्यांना आठवत असावं. त्यांनी बाहेर नंबर लावणाऱ्या बाईंना हाक मारली आणि टोपी बसवलेल्या सगळ्या मुलांच्या घरी सोमवारपासून फोन लावायला सांगितले.

दाढ निघायला वेळ लागला नाही. मोहिनी रडली नाही. नानांचाच हात तिने असा दाबला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी दाढ धुऊन ताटलीत ठेवली. वर चांदीची टोपी, खाली एका बाजूला काही नाही आणि दुसऱ्या बाजूला वाकडा, एकटा पाय.

सगळे ताटलीवर वाकले. कमलबाई तेवढ्या वाकल्या नाहीत.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ती सहा वर्साची असताना उपटली असती, तं?”

डॉक्टर हात पुसत होते. त्यांना आता जपून बोलायची सवय लागली होती. सगळ्यांत सारखंच होतं असं नाही, म्हणाले. पण मोहिनीच्या जबड्यात मागची दाढ पुढे सरकली असती. नवा दात आत अडकला असता, नाहीतर वाकडा आला असता. मग पुढच्यांची गर्दी. चार वर्षं त्या दाढेने जागा धरून ठेवली, हे तिचं काम तिने चोख केलं.

कमलबाईंनी मान वळवून नीलेशकडे पाहिलं. नीलेश दारात उभा होता. तोंडावर हात नव्हता, पण त्या पाहत आहेत म्हटल्यावर तो आपोआप वर गेला.

“म्हंजी नीलेशची म्या चुकली,” त्या म्हणाल्या.

चाळीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली होती, ते नाना मान खाली घालून आपल्या चपलांकडे पाहत होते.

नीलेशने हात खाली घेतला. “त्याच दाताइवर तं हे धुयाचं स्थळ आलं ना आई. हसतो गुनी, म्हने.”

“मना बापले चष्मा लागेल व्हता तवय,” दिपमाला म्हणाली. मोहिनी कापूस चावत हसायला गेली आणि डॉक्टर तिच्यावर ओरडले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात दाढ फेकायचा कार्यक्रम झाला. कमलबाईंनी शेणाची गोळी केली, दाढ आत घातली. मोहिनी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. कमलबाईंनी गोळी हातात तोलली आणि नानांपुढे धरली.

“तुमी फेका.”

“मी?”

“तुमची दाढ हाये ती.”

नानांनी गोळी घेतली. ती हातात येताच त्यांना कळलं की ही सोपी गोष्ट नाही. खांदा थंडीपासून आखडलेला होता आणि स्लॅब उंच होता. पण अंगणात सून होती, नात होती, शेजारच्या कठड्याला झुंबरबाई होती. त्यांनी पाय रोवला, हात मागे नेला, फेकली आणि समाधानाने वळले. सगळ्यांचं लक्ष मोहिनीकडे गेलं. तिला रक्त येतंय का म्हणून दिपमाला तिला आत घेऊन गेली, मागून नानाही गेले.

गोळी स्लॅबच्या कडेला आपटून फुटली होती. चांदीची टोपी ठण्‌ करून धुण्याच्या दगडावर आली आणि घरंगळत तुळशीपाशी थांबली.

कमलबाई एकट्याच उरल्या होत्या. त्या वाकल्या, दाढ उचलली, पदराला पुसली. एकदा दाराकडे पाहिलं. मग अर्ध्या वळणात हात गेला आणि दाढ स्लॅबवर पडल्याचा आवाज आला, दूर, मधोमध.

“गेली का वं?” झुंबरबाईने कठड्यावरून विचारलं. ती मघाशी विडा लावायला खाली वाकली होती.

“गेली. यायनं फेकली. एका दमात.”

आत खाटेवर बसलेल्या नानांनी ते ऐकलं. मघाचं ठण्‌ही त्यांनी ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत. जिंकलेलं माणूस गप्प का बसतं, याचा अंदाज त्यांना पहिल्यांदाच येत होता.

हिशोब मांडायचाच तर दाढ मोहिनीची गेली आणि जागा तिला मिळाली. डॉक्टरांना अर्ध्या गोष्टीची भरपाई फोन करकरून करावी लागणार होती. जीत नानांच्या नावावर राहिली. तिची किंमत भरली मात्र कमलबाईंनी. त्या संध्याकाळी भाकरी थापताना त्यांचा उजवा खांदा सारखा अवघडत होता, आणि चुलीपाशी बसलेले नाना काही न विचारता परातीतलं पीठ त्यांच्या हाताशी सरकवत होते.